अर्धा चेहरा

"ताई, जरा आरशात बघता?" योग शिकवणारी रेवा केतकीच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली.

चाळीस अंशांपर्यंत तापवलेल्या त्या खोलीत सगळेच घामाने निथळत होते. केतकीने आरशात पाहिलं आणि वर उचललेले तिचे हात तसेच राहिले. उजवा गाल लालबुंद, ओलाचिंब. डावी बाजू मात्र कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरीफटक आणि कोरडी. तिने डाव्या गालावरून बोट फिरवलं. घामाचा टिपूस नव्हता.

दोन महिने तिचा डावा खांदा दुखत होता. "बँकेतल्या कामाचं टेन्शन डोक्यात घेऊन फिरतेस, दुसरं काही नाही. मन शांत कर," असं म्हणत नवऱ्याने, मिलिंदनेच, हट्टाने तिचं नाव या हॉट योगाच्या वर्गात घातलं होतं.

रेवाने हीटर बंद केला. "मला हे टेन्शन वाटत नाही, ताई. आजच डॉक्टरांना दाखवा."

आठवडाभर तपासण्या चालल्या. मग डॉक्टरांनी दोघांना समोर बोलावलं. "डाव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ आहे. तिथून चेहऱ्याकडे जाणारी नस दाबली गेली, म्हणून त्या बाजूचा घाम थांबला. कॅन्सर आहे. पण पसरलेला नाही, ऑपरेशन करता येईल."

मिलिंद उभ्या उभ्या थरथरायला लागला. केतकीने खुर्ची ओढून त्याला बसवलं, त्याचा हात हातात घेतला आणि डॉक्टरांकडे वळली.

"कधी करायचं ऑपरेशन?"

आपला आवाज इतका शांत कसा, याचाच तिला धक्का बसला.