जांभळा स्वेटर

वडील गेल्यावर आईनं त्यांचे सगळे कपडे वाटून टाकले आणि पुन्हा त्यांचं नावही काढलं नाही. हवापालट म्हणून लेक तिला डोंगररस्त्यानं फिरवत होती. “आई, ते बघ, छपरावर होडी!” “असेल.” “अगं, किटलीसारखं दुकान!” “बरं.” भिंतीशी बोलावं तसं चाललं होतं. तेवढ्यात वळणावरच्या शेतात बुजगावणं दिसलं: डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, अंगात जांभळा स्वेटर. लेक हसणार, तोच आई म्हणाली, “गाडी थांबव.” स्वेटरच्या कोपरावर आईनंच लावलेलं हिरवं ठिगळ होतं. आई बांधावरून बुजगावण्यासमोर गेली. बटणं खालीवर लागली होती, वडील रोज लावायचे तशीच. आईनं ती एकेक सोडून पुन्हा लावली. “अहो, चारचौघांत उभं राहताय, बटणं तरी नीट लावत जा. आता रोज लावून द्यायला मी कुठून येऊ?”