मुरारीची चामड्याची बंडी

पिंपरीच्या नव्या कारखान्यात मुरारीला वेल्डिंगचं काम लागलं ते छप्पन साली. फोरमन उद्धवरावांनी बजावलं, "सोमवारी अंगात चामड्याची बंडी दिसली नाही, तर गेटवरूनच परत."

लिलावातल्या एका लॉरीच्या सीटचं चामडं मिळालं, तेही एकाच बंडीपुरतं. चामड्यात सुई गेली की भोक बुजत नाही, तेव्हा चुकायची सोय नव्हती. त्याची बायको कुशाबाई कात्री घेऊन बसली. बेतायला घरात मापाचे कागद तीनच होते: तिच्या चोळीचा, नवऱ्याच्या सदऱ्याचा आणि बाळाच्या झबल्याचा.

"चोळी नको," मुरारी घाईनं म्हणाला.

"सदऱ्याला पुढनं बटणं हायती. फटीतनं ठिणगी आत गेली म्हंजे?"

"मग?"

"झबलं पुढनं बंद असतंय. नाड्या मागं."

"अगं, मला मिशा हायत!"

"मिशा काय बंडीत घालायच्यात व्हय?" असं म्हणून तिनं झबल्याचा कागद चारी बाजूंनी वाढवला आणि कात्री चालवली.

सोमवारी उद्धवराव मुरारीभोवती दोनदा फिरले. पुढून फट शोधली, सापडली नाही. त्यांनी त्याला आत सोडलं.

दिवाळीपर्यंत बाकीच्या गड्यांनी आणून दिलेल्या चामड्याच्या कुशाबाईनं आणखी अकरा शिवल्या. भोंगा झाला की बारा मिशाळ गडी रांगेत उभे राहून पुढच्याच्या नाड्या बांधायचे. शेवटच्याच्या नाड्या उद्धवराव बांधायचे. मग एक दिवस उद्धवरावांनीही झबलं शिवून घेतलं, आणि तेव्हापासून रांग गोल झाली.