जागेवाल्याचं नाव

खांबाला कुंकू लावताना कमलाकांतचा अंगठा एका खळगीत रुतला. चुन्याखाली काहीतरी कोरलेलं होतं. त्यानं नखानं चुना खरवडला, तर आधी सूर्य निघाला आणि त्याच्या शेजारी चंद्रकोर.

आज उद्घाटन असलेल्या पटांगणावर व्हॉलीबॉलची जाळी बांधायला हे दोन खांब त्यानंच आणवले होते. धारणीपलीकडं, जंगलाच्या तोंडाशी ओमप्रकाशशेठची लाकडाची वखार. कमलाकांत तिथला कारकून, आणि वखारीच्या क्रीडा मंडळाचा चिटणीसही हाच. मोहाच्या झाडाखाली सागाचे खांब नुसतेच उभे आहेत, असं गाडीवान म्हणाला आणि यानं बैलगाडी धाडली; गाडीवानानंच वर चुनाही फासला. माणूस गेला की कोरकू लोक त्याच्या नावानं खांब कोरून झाडाखाली रोवतात, त्यावर चंद्रसूर्य काढतात, मुंडा म्हणतात त्याला, हे यानं ऐकलं होतं. पण ऐकलेलं वेळेवर आठवेल तर तो अमरावतीचा शहाणा कसला.

मागं कोणीतरी खाकरलं. मैना उभी होती. झाडतोडीच्या कामावर येणारी कोरकू बाई, साठीची असेल. तिच्या मागं पटांगणाच्या कडेला तोडीचे गडी उकिडवे बसले होते, खांद्यावर कुऱ्हाडी. रोजच्याच कुऱ्हाडी त्या. आज मात्र कमलाकांतची नजर एकेका पात्यावरून फिरून आली.

"बाबू," ती हळूच म्हणाली, "हा माह्या मालकाचा हाय."

"मैनाबाई, मले ठाऊक नव्हतं. आईची शपथ. आजची सभा होऊ द्या, उद्या मी सोता नेऊन रोवतो."

"नेजो. पण आज त्याच्या समोर सभा हाय. तू हर सभेत जागेवाल्याचं नाव घेतं ना? आज त्याचं घे. हे वावर त्याचंच होतं."

घेत तर होता. "ज्यांच्या जागेत आपण जमलो, त्या ओमप्रकाशशेठजींना प्रथम वंदन करून," अशी सुरुवात शेठनंच ठरवून दिली होती. सभा मजुरीची असो की खेळाची, त्याशिवाय पुढचा शब्द निघत नसे.

"तुमीच घ्या ना," कमलाकांत म्हणाला. "नाही तर हे गडी घेतील."

"यायनं घेतलं तर कोन आयकते? तुहं कागदावर चढते. अन् मी कशी घेऊ? नवऱ्याचं नाव हाय ते. चाळीस वरसं झाली, तोंडातून काहाडलं नाई."

नाव कमलाकांतला माहीत होतं. हजेरीच्या पुस्तकात तोच दर सोमवारी लिहायचा, मैना बेवा भुरा, म्हणजे भुराची विधवा. दोन अक्षरं. पण आधीचा कारकून नत्थुजी एकदा सहज एवढंच म्हणाला होता, की वखारीच्या आधी इथं कोरकूंची वाहितीची शेतं होती. त्याच दुपारच्या मोटारीच्या टपावर त्याची ट्रंक चढली. कमलाकांतच्या बायकोला, सिंधूला, सातवा महिना लागला होता. बडनेऱ्याला सासऱ्याच्या घरी दोन वर्षं बसून खाल्लेलं अजून कमलाकांतच्या घशाशी येत होतं. पुन्हा तिथंच, आणि या अवस्थेतली बायको घेऊन?

तेवढ्यात शेठची जीप आली. हार झाले, नारळ फुटला. शेठ खांबाजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसले आणि त्यांनी मान हलवली.

कमलाकांत उभा राहिला. हातातला कागद त्यानं टेबलावर ठेवला.

"ज्यांच्या जागेत आपण जमलो," तो म्हणाला आणि थांबला. समोर मैना त्याच्या तोंडाकडं बघत होती. कडेचे गडी बघत होते. शेठही मान वळवून बघायला लागले. इकडं आड, तिकडं विहीर.

"त्या ओमप्रकाशशेठजींना प्रथम वंदन करून."

वखारीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडेला एकही हात हलला नाही.

मैना उठली. आता हे सगळे उठणार, कमलाकांतला वाटलं. पण कोणी उठलं नाही. ती एकटीच चालत आली, शेठच्या खुर्चीशेजारून खांबापर्यंत गेली. पदर डोक्यावर ओढला. खरवडलेल्या चुन्यावर तळवा ठेवला. तिचे ओठ दोनदा हलले, पण आवाज फुटेना. तीही भ्याली होती, त्याच्याइतकीच, आणि तरी तिथं उभी होती.

"भुरा," ती म्हणाली.

कडेच्या एका पोरीनं तोंडावर हात ठेवला. म्हाताऱ्या गड्यांनी माना खाली घातल्या.

"भुरा," मैना पुन्हा म्हणाली, शेतातल्या माणसाला हाक मारावी तसं.

शेठ हसत कमलाकांतकडं झुकले. "काय बोलून राहिली हे? कोनाचं नाव घेते?"

कमलाकांतच्या हातात टाक होता, पुढ्यात सभेची वही उघडी होती, आणि टाळ्या सरताच लिहिलेली शेठजींच्या वंदनाची ओळ अजून ओली होती.

"जागेवाल्याचं," तो म्हणाला. आवाज टेबलापलीकडं गेला नाही.

शेठनं कानामागं तळहात धरला. "जोरात सांगा ना, पंडितजी. सगळ्यायले आयकू जाऊ द्या."