उजवा पीळ

पडद्यावर सातवा आलेख आला आणि अक्षता बोलायची थांबली. समोर वीसेक माणसं, पहिल्या रांगेत तिचे मार्गदर्शक वैजनाथ सर. प्रबंध सादर करण्याआधीचा हा शेवटचा सेमिनार. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. विश्रांतवाडीला वडिलांनी नातेवाइकांना 'आमची डॉक्टर झाली' असं सांगूनही टाकलं होतं. आज होकार मिळाला नाही, तर पाच वर्षं पाण्यात. तिचं काम पाण्यावरचंच असल्यामुळे हा विनोद तिला आतापर्यंत अकरा जणांनी ऐकवला होता.

खळाळत्या पाण्यात मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी ऊर्जा उष्णता होऊन विरते. मोठ्यांकडून लहानांकडे ती अशी खाली उतरते, हे या खोलीत सगळ्यांना पाठ होतं. पण पाणी पुढे जाताना पीळही घेत जातं, स्क्रूसारखं, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. अक्षताने संगणकावरच्या प्रवाहातून डावा पीळ साफ काढून टाकला आणि ऊर्जा कुठे जाते ते पाहिलं.

ती वर गेली. लहान भोवऱ्यांकडून मोठ्यांकडे. तेव्हा सरांनी आलेख पाहिला आणि कुठेतरी चिन्ह चुकलंय, शोधा, एवढंच म्हणाले. तिने तीन महिने शोधलं. परदेशातल्या एका गटालाही हेच दिसल्याचा लेख तिने नेऊन दाखवला.

"चुका करण्याचा मक्ता काही पुण्यानेच घेतलेला नाही," सर म्हणाले.

शेवटी तिने एका ओळीत एक वजा चिन्ह घातलं. ते तिथे का हवं, हे तिला माहीत नव्हतं. ऊर्जा निमूट खाली उतरली. सर खूश झाले.

सरांच्या प्रयोगशाळेचा एक नियम होता. कुठलंही उत्तर आलं की दुसऱ्या कुणीतरी पहिल्याचा प्रोग्राम न बघता आपला नवा प्रोग्राम लिहायचा आणि तेच गणित पुन्हा करायचं. हे काम तिच्या मागून आलेल्या प्रज्ञेशकडे गेलं. आठवड्यापूर्वी त्याचं उत्तर आलं. दोघांचे आलेख तंतोतंत जुळले. दोन माणसं स्वतंत्रपणे एकच चूक करत नाहीत, असं सर त्या दिवशी दोनदा म्हणाले.

तेव्हापासून अक्षताला जेवण जात नव्हतं. प्रज्ञेशचं सरळ हिशेबाने बरोबर आलं होतं. म्हणजे तिचा मूळ प्रोग्रामच चुकीचा होता आणि तिने तो ठिगळ लावून खपवला होता. तिला स्वतःची लाज वाटत होती.

"पुढे चला," सर म्हणाले.

ती पुढे गेली नाही.

"सर, यात एक मायनस मी हाताने घातलाय. का, ते मला सांगता येणार नाही. तो काढला की एनर्जी वरच जाते."

कुणीतरी चहाचा कप खाली ठेवला. सर चिडले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि शांतपणे सांगितलं, की मग हा प्रबंध पुढे जाणार नाही, आणि निदान एकाचं तरी काम प्रामाणिक निघालं याबद्दल विभागाने आभार मानावेत. मग मान न वळवताच ते म्हणाले, "प्रज्ञेश, तुमचा आलेख लावा."

प्रज्ञेश मागच्या रांगेत उभा राहिला. लॅपटॉप त्याने उघडला नाही.

"सर, माझीही वरच जात होती. ताईंची खाली येते असं सगळे म्हणाले, म्हणून मीही एक मायनस घातला."