पुंजाजींचा कबुलीजबाब

“लढाईत धरलेल्या माणसाला चहा पाजून इचारतेत काय, बाबा, बॉम्ब कुठं ठिवलास?” पुंजाजींनी सकाळच्या चहाची बशी खाली ठेवली. “थोडी सक्ती करावीच लागते. त्याला युद्धगुन्हा म्हणून फौजींवर खटले भरले तर लढंल कोण?”

अंगणात हळद पसरणारी त्यांची नात आकांक्षा थांबली. उद्या हिंगोलीला वादविवाद स्पर्धा, विषय नेमका हाच, आणि घरात फौजेतून निवृत्त झालेले आजोबा. स्पर्धा हरली असती तरी चाललं असतं. आजोबांपुढे हरून चालणार नव्हतं. “मला पटवून दे अन् नांदेडला वकिली शीक. न्हाई पटलं तर गुमान बी.एड. कर,” असं त्यांनी घरादेखत सांगितलं होतं, आणि पुंजाजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“आजोबा, छळलेला माणूस खरं न्हाई बोलत. छळणाऱ्याला जे ऐकायचंय ते बोलतो. म्हणून छळणाऱ्याला कोर्टात उभं करायचं, मग तो कोणत्या का देशाचा असंना.”

“हे पुस्तकातलं झालं. खऱ्या माणसाला कितीबी पिळा, त्याच्या तोंडून खोटं निघत न्हाई.”

“भिंतीवर घटना लिहिणाऱ्या वकिलाची तसबीर लावता, अन् नातीला वकील होऊ देत न्हाई,” असं पुटपुटत आजी कमलबाई आत गेल्या. थोड्या वेळानं त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

“फडताळातले पेढे कुठं गेले?”

“कोणते पेढे?”

“सुरजनं आणलेले.”

सुरज म्हणजे आकांक्षाचा काका. तो पहाटेच टेम्पो घेऊन हदगावला गेला होता. पुंजाजींना साखरेचा आजार, म्हणून गोडाला बंदी. आणि ती बंदी मोडण्यात त्यांचा हात धरणारं कुरुंद्यात कोणी नव्हतं. पेढे आजोबांनीच खाल्ले, याबद्दल आकांक्षाला तर शंकाही आली नाही.

“मी न्हाई खाल्ले,” पुंजाजी म्हणाले.

“बरं,” म्हणत कमलबाईंनी त्यांचा चष्मा काढून पदराला बांधला. तंबाखूची चंची माळ्यावर गेली. लिंबाखालची खुर्ची उन्हात आली. “बसा इथं, हळदीसंगं वाळत.”

पुंजाजी बसले. दुपारपर्यंत त्यांनी सात पिढ्यांच्या शपथा घेतल्या. आकांक्षाला हसू आवरत नव्हतं.

चारच्या सुमाराला कमलबाईंनी आलं ठेचून चहा उकळला, तोही अंगणातल्या चुलीवर, वास बरोबर खुर्चीकडे जाईल असा. शेजारच्या मुंजाजींना हाक मारून कप दिला. मुंजाजींनी तो फुर्रकन आवाज करीत, चवीनं संपवला.

पुंजाजींनी खुर्ची चुलीकडे सरकवली.

“दोन खाल्ले,” ते म्हणाले.

“अन् बाकीचे?”

“वानराला टाकले.”

“चव कशी व्हती?”

“खवा चांगला व्हता. विलायची जरा कमी.”

कमलबाईंनी लगेच चष्मा दिला, चहा दिला, खुर्ची सावलीत नेली. मग नातीकडे वळल्या. “बघ बाई, सक्ती केल्याबिगर खरं निघालं न्हाई. आजोबाचंच बराबर.”

“मग मी सकाळधरनं काय सांगून राहिलो?” पुंजाजींनी मिशीवरून हात फिरवला. “लढाईत असो का घरात, कायदा एकच. खटला-बिटला काही न्हाई. बी.एड.चा फॉर्म आण बाई.”

आकांक्षाचे डोळे भरून आले. तिचा मुद्दा तिच्याच आजीनं मातीत घातला होता. आता उद्या व्यासपीठावर बोलायचं तरी काय, आणि नांदेडचं तर नावच नको. ती हळद गोळा करू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. कमलबाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि पुंजाजींच्या बशीशेजारी नेऊन ठेवला.

“माय, सुरज बोलून राहिलो. परत येताना वारंगा फाट्यावर पोचलो बघ. तू पहाटं आणायला सांगितलेले पेढे किती घेऊ?”