थोरल्या आबांचं नाव

होडी वाळूला टेकली तरी मनिषा उतरायला तयार होईना.

"उतर बाई," सासू द्वारकाबाई म्हणाल्या. "बारा वर्सं वाट बघितलीस. आता आणि कशापायी थांबायचं?"

मनिषा उतरली. पाऊल वाळूत रुतलं तशी तिनं पिशवी छातीशी धरली.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं हटलं की ही एवढीशी वाळू उघडी पडते. तिन्ही बाजूंनी वनखात्याची राखीव हद्द, तारेचं कुंपण आणि 'प्रवेश बंद'ची पाटी. यायचं तर होडीनंच. माणसांपेक्षा पाखरांच्या पायांचे ठसे जास्त. बारा वर्षांपूर्वी याच वाळूवर तिच्या नवऱ्याचा, माऊलीचा शर्ट सापडला होता. शेजारी चपला, नीट जोडून ठेवलेल्या. माऊली मात्र सापडला नाही. अख्ख्या अंथुर्णे गावानं आठ दिवस जाळी फिरवली, हाती काही लागलं नाही.

लोक त्याला गेला म्हणू लागले, मनिषा म्हणेना. बायका हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या, तरी ती रोज सकाळी रुपयाएवढं कुंकू लावून शेतावर जायची. कुणी बघितलं तर बघू दे, म्हणायची. रात्रीच्या भाकरीत एक जास्तीची थापायची ती तिनं बारा वर्षांत कधी चुकवली नाही.

यंदा लेकीचं, श्रेयाचं लग्न ठरलं आणि घोडं पत्रिकेपाशी अडलं. मुलीच्या बापाच्या नावामागं 'श्री.' लावायचं की 'कै.'? छापखानेवाल्यानं दोनदा विचारलं. व्याह्यांनी गोड बोलून एकदाच विचारलं, पण ते जास्त लागलं. मग दीर विजयसिंहानं इंदापूरच्या नीळकंठभटजींना गाठलं. बारा वर्षं ठावठिकाणा नसलेल्या माणसाचा पळसाच्या देठांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तो माणूस रीतसर गेला असं धरतात. लेकीच्या तोंडाकडं बघून मनिषानं होकार दिला. अट एकच घातली: प्रत्यक्ष अग्नी देईपर्यंत तिच्या कुंकवाला कुणी हात लावायचा नाही.

होडी भटजींनीच ठरवली होती. नावाडी पलीकडच्या करमाळ्याच्या काठावरचा. पांढरट दाढी, डोक्यातोंडाला उन्हासाठी गुंडाळलेला टॉवेल. सगळ्या वाटेत त्यानं तोंड म्हणून उघडलं नाही. विजयसिंह फोनवर मंडपवाल्याशी हुज्जत घालत होता, आणि मनिषा नुसती पाण्याकडं बघत होती. द्वारकाबाई होडीत बसल्या तेव्हा नावाड्यानं गोणपाटाची घडी करून त्यांच्या डाव्या पायाखाली सारली. त्यांचा डावा गुडघा अधू होता.

"द्येव भलं करो लेकरा," म्हातारी म्हणाली. मोतीबिंदूमुळं तिला माणूस काय अन् खांब काय, सारखाच.

भटजींनी वाळूवर पुतळा मांडला. पळसाचे देठ मोजून रचले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मनिषानं पिशवीतून तो जुना शर्ट काढून दिला. बारा वर्षं पेटीत घडी घालून ठेवलेला. तो देठांवर पांघरला, तेव्हा तिला रडू आवरेना.

तेवढ्यात नावाड्याचा फोन वाजला. आवाज मोठा लावलेला होता.

"पप्पा, कवा येताय? आई जेवायची थांबलीया," कुणी लहान पोरगी म्हणाली.

नावाडी गडबडून लांब गेला आणि तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटला. त्या न बघितलेल्या बाईचा मनिषाला हेवा वाटला. नशीबवान बाई. तिचा माणूस तासाभरात घरी पोचणार.

"मृताचं नाव माऊली," भटजींनी सुरुवात केली. "वडील आप्पासाहेब. आजोबा?"

"तात्याबा," विजयसिंह म्हणाला.

"पणजोबा?"

विजयसिंह आईकडं बघू लागला.

"आमी थोरलं आबाच म्हणायचो," द्वारकाबाई म्हणाल्या. "माऊलीला ठावं व्हतं. आज्याच्या मांडीवर बसून समदं इचारायचा त्यो. ह्याला कुठं हौस!"

विजयसिंहानं दोन चुलत्यांना फोन लावले. दोघांनाही थोरलं आबाच माहीत.

भटजींनी पळी ताम्हनात ठेवली. "तीन पिढ्यांची नावं लागतात. मी नावाशिवाय करत नाही. शोधा, मग पुन्हा येऊ."

मनिषाच्या अंगात एकदम बळ आलं. आज नाही. आज तरी नाही. कुंकू कपाळावर राहणार होतं, रात्री ती भाकरी थापणार होती. ती डोळे पुसून पिशवी आवरायला उठलीसुद्धा.

"हैबती."

आवाज पाण्याच्या बाजूनं आला, बारीक आणि बसका.

"व्हय व्हय, हैबतीच!" द्वारकाबाईंना लख्ख आठवलं. विजयसिंह तिसरा नंबर लावण्यात गुंतला होता, त्याला वाटलं आईच बोलली. भटजींनी समाधानानं पळी उचलली आणि तीन पिढ्या सलग म्हणून टाकल्या.

मनिषा हळूच मागं वळली. मागं पाणी होतं, होडी होती, आणि खाली मान घालून दोरीची गाठ उगाच सोडत-बांधत बसलेला नावाडी होता. त्याच्या खिशात फोन पुन्हा वाजत होता. तो उचलत नव्हता. ती बराच वेळ त्या गाठीवरच्या बोटांकडं बघत राहिली. मग पुतळ्यापाशी येऊन बसली.

विजयसिंहानं काडी ओढली. ती वाऱ्यानं विझली. त्यानं दुसरी काढली.

"अहो ताई, थांबा, अजून अग्नी दिलेला नाही!" भटजी म्हणाले, पण मनिषानं पदराच्या टोकानं कपाळ केव्हाच पुसून टाकलं होतं.