बाहुलीची मान

बाळं सांभाळणाऱ्या आयांच्या कोर्सची परीक्षा ऐन रंगात आलेली, आणि बाहुलीचं मुंडकं टबात तरंगतंय, धड रेवतीच्या हातात!

"बाळाची मान धरता येत नाही, आणि आया व्हायला निघालीस?" परीक्षक बाई कडाडल्या. "नापास!"

रेवतीच्या डोक्यात तिडीकच गेली. अहो, ती मान पहिल्या दिवसापासून ढिली! अख्खी बॅच चिकटपट्टी लावूनच बाळाला आंघोळ घालायला शिकली. आज परीक्षक येणार, बाहुली नीटनेटकी दिसावी, म्हणून वर्गाच्या मॅडमनीच सकाळी पट्टी ओढून काढली. आणि आता त्याच मॅडम खिडकीबाहेर बघतायत! सर्टिफिकेट नाही, तर सोमवारपासून एका घरी ठरलेलं बाळ सांभाळायचं काम गेलंच. त्या घरच्यांनी तसं बजावलंच होतं.

मग तिने मुंडकं उचललं, टॉवेलने कान पुसले, मानेवर दाबून बसवलं आणि बाहुलीला खांद्यावर घेऊन थोपटायला लागली.

"रडू नको सोन्या. तुझी पट्टी कुणी काढली, ते मॅडम सांगतील हं आता."

परीक्षक बाईंचं पेन थांबलं. त्या मॅडमकडे वळल्या, आणि मॅडमना खिडकीबाहेर बघण्यासारखं काही उरलंच नाही.